तब्येतीसाठी दारू, १९४० सालचं भाडं : आपल्याकडचे अजब कायदे आणि त्यांची जन्मकथा

बखरकार (धागाकर्ता)

व्हॉट्सॅपवर 'जगातले अजब कायदे' ही यादी वर्षातून एकदा तरी येतेच. कुठे गाढवाला बाथटबमध्ये झोपवायला बंदी, कुठे रविवारी शिट्टी मारायला बंदी. कायद्याचं नाव नाही, साल नाही, कलम तर नाहीच. निम्म्याहून जास्त थापा असणार असं धरून मी ती पुसून टाकतो. आणि एवढं लांब जायचंच कशाला? महाराष्ट्रात आणि गोव्यात जे कायदे छापील स्वरूपात आहेत, ते काय कमी आहेत?

म्हणून हा धागा. नियम एकच. कायद्याचं नाव आणि साल सांगा, आणि कोणाला कशाची भीती वाटली म्हणून तो आला तेही सांगा. नुसतं 'हाहा, कसले येडपट होते' नको.

सुरुवात माझ्यापासून. पहिला किरकोळ आहे, निखात निधी कायदा, १८७८. जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. १८७८ साली १० रुपये ही रक्कम होती. आज परसात आळं खणताना दोन जुनी नाणी मिळाली तरी तुम्ही या कायद्याच्या कक्षेत आलात. आकडा कोणी बदललेलाच नाही.

दुसरा मात्र माझा आवडता. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९.

नाव नीट वाचा. दारू-नियमन नाही, दारूबंदी. महाराष्ट्रात गल्लोगल्ली वाइन शॉप, हमरस्त्याला परमिट रूम, आणि हे सगळं चालतं एका दारूबंदी कायद्याखाली. कायद्याच्या नजरेत महाराष्ट्र आजही दारूबंदीचं राज्य आहे, पिणारे सगळे अपवाद. अपवाद व्हायचं तर परवाना लागतो. पूर्ण वर्षाचा, आजन्म किंवा एका दिवसाचा. एका दिवसाचा दर वर्षानुवर्षे विदेशी मद्याला ५ रुपये आणि देशीला २ रुपये असा चालत आला. आणि विदेशी मद्याचा परवाना कशासाठी? तर स्वतःची प्रकृती राखण्यासाठी! 'परमिट रूम' ही पाटी आपण लहानपणापासून वाचतो, पण आत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात परमिट असायला हवं हे किती जणांना ठाऊक असतं?

आता जन्मकथा. दारूबंदी हा काँग्रेसच्या चळवळीतला जुना मुद्दा. ताडीमाडीच्या गुत्त्यांसमोर निरोधन करून कार्यकर्ते तुरुंगात गेलेले. १९३७ साली प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, प्रयोग बारगळला. स्वातंत्र्यानंतर पुन्हा खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री, आणि १९४९ चा कायदा. तो इतका कडक होता की दारूची तारीफ करणं हासुद्धा गुन्हा होता. अल्कोहोल असलेली औषधं आणि अत्तरपाणीही त्यात आलं.

बलसारा नावाचे एक गृहस्थ त्याविरुद्ध कोर्टात गेले. त्यांची मागणी वाचण्यासारखी आहे. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर तर हवीच, शिवाय यू-डी-कोलोनही बाळगू द्या. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी उचलून धरली, पण औषधं आणि प्रसाधनं तिच्यातून सोडवली. तारीफ करण्याचा गुन्हाही रद्द केला, कारण भाषणस्वातंत्र्य. म्हणजे प्यायला परवाना लागेल, पण कौतुक फुकट.

पुढे हातभट्टी बोकाळली, मुंबईत आंटींचे अड्डे झाले. साठच्या दशकात, वसंतराव नाईकांच्या काळात, सरकारने बंदी सैल केली. सैल केली हं, उठवली नाही. कायदा तोच ठेवून परवाने सोपे केले. आणि खरी गंमत पुढे आहे. १९६० साली राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा हाच कायदा गुजरातलाही वारसाहक्काने गेला. एकच १९४९ चा कायदा. तिकडे कोरडं राज्य, इकडे तिजोरीला मोठा हातभार लावणारं उत्पादन शुल्क खातं.

यावरून मला जे वाटतं ते मांडतो, पटत नसेल तर खोडून काढा. असे कायदे कोणी काढायचे विसरलं म्हणून उरत नाहीत. ज्या भीतीपोटी ते आले ती भीती जाते, आणि मग त्याच कायद्यावर दुसऱ्याच कोणाची तरी सोय होऊ लागते. ती सोय आहे तोवर कायद्याला मरण नाही.


गवतीचहा

परमिटचं माहीत होतं पण 'प्रकृती राखण्यासाठी' वाचून आजची सकाळ सार्थकी लागली. आमच्या हिला वाचून दाखवलं. तिने नुसतं बघितलं.


सनदशीर

बखरकार, धागा छान. पेशाने वकील असल्याने दोन ठिकाणी आडवा येतो.

निखात निधी कायद्याला हसू नका. १० रुपयांचा आकडा जुनाट आहे हे मान्य, पण कायदा बांधणीला उत्तम आहे. सापडलेलं लपवू नका, कळवा, आणि मालक कोणी निघाला नाही तर ते तुम्हालाच मिळेल, असा त्याचा मथितार्थ आहे. जमीन दुसऱ्याची असेल आणि त्याने हक्क सांगितला तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे, एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर वर एक पंचमांश देऊन घ्यायची. शेतमजुराला जमीनमालकापेक्षा तिप्पट वाटा देणारे किती कायदे तुम्हाला ठाऊक आहेत? भीती अशी होती की माणसं जुनी नाणी, दागिने वितळवून टाकतील आणि इतिहासाचा पुरावा जाईल. ती भीती आजही खरी आहे. लोक कळवत नाहीत ते कायद्याच्या दोषाने नव्हे, 'सरकार सगळंच घेऊन जाईल' या समजुतीने.

दुसरं, कोणीतरी आता पतंगाचं आणणारच, म्हणून आधीच. '१९३४ च्या विमान कायद्यानुसार पतंग हे विमान आहे, म्हणून संक्रांतीला सगळे गुन्हेगार' असं दर जानेवारीत फिरतं. व्याख्येत पतंग होता हे खरं. हवेच्या आधाराने तरंगणाऱ्या साधनांच्या यादीत फुगे, हवाई जहाजं, ग्लायडर यांच्याबरोबर तो होता. पण तेव्हा डोळ्यासमोर गच्चीवरचा पतंग नव्हता. माणूस वर उचलून नेणारे प्रचंड पतंग ब्रिटिश सैन्यात टेहळणीसाठी वापरून झाले होते. व्याख्या लिहिणाऱ्याने तेही धरले, इतकंच. त्या कायद्याची जागा आता २०२४ च्या भारतीय वायुयान कायद्याने घेतली आहे. पोराबाळांना पतंग उडवू द्या, नायलॉनचा मांजा मात्र देऊ नका. ती बंदी अजिबात जुनाट नाही.


चाळकरी

घरभाड्याचा कायदा अजून कोणी काढला नाही? गिरगावातून लिहितोय, मलाच काढावा लागणार.

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७. त्यात 'प्रमाण भाडं' म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी त्या जागेचं जे भाडं होतं ते. महायुद्धात मुंबईत माणसांचा लोंढा आला होता, फाळणीने आणखी आला, घरमालक वाटेल ते मागत होते. म्हणून भाडी गोठवली. कायदा तात्पुरता होता बरं का! मुदत संपत आली की वाढवायची, असं करत करत अर्धं शतक गेलं. दक्षिण मुंबईत दोन आकडी भाडी होती ती याच कायद्यामुळे.

शेवटी १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९४० चं भाडं गोठवून ठेवणं आता अवाजवी झालंय. तरी कायदा रद्द केला नाही, कारण त्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती. ती संपली का? छे, पुन्हा वाढवली. अखेर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून आला, दर वर्षी ४ टक्के वाढ मिळाली.

पगडीची, म्हणजे जागा देताना भाड्याच्या वर घ्यायच्या रकमेची, कथा याच्याच पोटातली. जुन्या कायद्यात पगडी घेणं गुन्हा होता, आणि सगळी मुंबई पगडीवर चालत होती. नव्या कायद्याने ती सरळ अधिकृत करून टाकली.


वाडामालकीण

चाळकरी, 'घरमालक वाटेल ते मागत होते' हे एक वाक्य टाकून तुम्ही मोकळे झालात. दुसरी बाजूही येऊ द्या.

आमचा वाडा पुण्यात. पणजोबांनी बांधलेला, सहा बिऱ्हाडं. महिन्याला एकेका खोलीचं जे भाडं यायचं त्यात कौलं परतायला माणूससुद्धा येत नसे. घरपट्टी, दुरुस्ती, संडासाची टाकी, सगळं आमच्या खिशातून. भाडेकरूंपैकी काहींचे उपनगरात फ्लॅट झाले, तरी वाड्यातल्या खोलीला कुलूप लावून हक्क जिवंत ठेवला. भिंत खचली तेव्हा 'मालक लक्ष देत नाहीत' असा अर्ज मात्र झाला. गोठवलेल्या भाड्याने गरीब भाडेकरू वाचले असतील, पण इमारती मेल्या. मुंबईच्या चाळी का पडतात हे विचारताना हा कायदा विसरू नका.


चाळकरी

ताई, इमारती मेल्या हे खरंय, मी त्याच मेलेल्या इमारतीत टेकू लावून राहतो. पण एक सांगा, भाडी मोकळी सोडली असती तर गिरणीत काम करणारे माझे वडील गिरगावात राहिले असते का? मराठी माणूस मुंबईच्या मध्यावर टिकला तो याच 'मूर्ख' कायद्याने. आणि कुलूपबंद खोल्यांबद्दल बोलताय, तर मजला वाढवून पगडीवर विकणारे मालकही मी पाहिलेत.

एक तपशील तुम्हाला आवडेल. १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळ काढलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला, त्यात 'अ' वर्ग कुठला? १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती. आजही पुनर्विकासाच्या सभेत पहिला प्रश्न असतो तो 'आपली बिल्डिंग अ वर्गात आहे ना?' तारखेचा मूळ संबंध युद्धकाळातल्या भाड्याशी. आता तिच्यावर किती मजल्यांचा टॉवर उठणार हे ठरतं.


बखरकार (धागाकर्ता)

चाळकरी, हे भन्नाट आहे. माझ्या मुद्द्याला इतका चपखल पुरावा मी स्वतः शोधला नसता. भीती होती बेघर होण्याची, आता त्याच तारखेवर बिल्डरचं गणित. वाडामालकीण, तुमची बाजूही पोचली. नव्या कायद्यातली एक मेख तुम्हाला माहीत असेलच. बँका, सरकारी उपक्रम, आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भांडवलाच्या कंपन्या यांना भाडे नियंत्रणाचं संरक्षण नाही. म्हणजे मोठ्या कंपनीकडून बाजारभावाने घ्या, बिऱ्हाडकरूकडून ४ टक्के.


मुठाकाठ

पुणेकरांनी लाज राखायला हवी म्हणून लिहितो. साथरोग कायदा, १८९७.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात गाठीचा प्लेग आला. बंदरं बंद पडतील, परदेशी माल घेणार नाहीत, ही धास्ती. विधेयक २८ जानेवारी १८९७ ला मांडलं आणि ४ फेब्रुवारीला कायदा झालासुद्धा. आठवड्यात! अवघी चार कलमं. त्यांचा सारांश: सरकारला वाटेल ते उपाय योजता येतील, ऐकलं नाही तर शिक्षा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. 'साथ' म्हणजे काय याची व्याख्याच नाही.

त्या चार कलमांच्या जोरावर पुण्यात काय झालं ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरं तपासली, देवघरात बूट गेले, बायाबापड्यांची तपासणी रस्त्यावर झाली, सामान जाळलं गेलं. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी गोळ्या घातल्या. रँड ३ जुलैला मेला. टिळकांवर त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला चालला आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली.

आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी कुठला कायदा लावला? हाच. घरी विलग राहायला सांगितलेल्यांच्या हातावर शाईचे शिक्के मारले ते आठवतंय ना? १२३ वर्षांनी तीच चार कलमं. एप्रिलमध्ये त्यात डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांसाठी दुरुस्ती जोडली, एवढाच काय तो फरक.

बखरकारांच्या म्हणण्यात मी थोडी भर घालीन. सोय नेहमी पैशाचीच असते असं नाही. व्याख्या नसलेला कायदा राज्यकर्त्याला फार आवडतो. इंग्रजांनाही आवडला, आपल्यालाही.


गवतीचहा

सोजीर हा शब्द कित्येक वर्षांनी वाचला. आजी वापरायची.


रानवाटा

दारूबंदीची कथा काँग्रेसपासून सुरू केलीत, पण त्याआधीचा एक कायदा आमच्या भागाच्या जिव्हारी लागलेला आहे. मोहा कायदा, १८९२. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुलं साठवण्यावर आणि विकण्यावर निर्बंध.

त्याच्या आधी १८७८ चा अबकारी कायदा आला होता. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू काढायचं काम मोठ्या मक्तेदारांकडे द्यायचं, म्हणजे कर वसूल करणं सोपं. पण वारली, कातकरी, ठाकर यांच्या अंगणात मोहाचं झाड, चूल घरात, मडकं घरात. कर कसा बसणार? फुलांवरच घाव घातला की प्रश्न मिटला. उरणच्या बाजूला मोठ्या भट्ट्या होत्या, त्यांचा माल खपायला हवा हेही होतंच.

सरकार म्हणायचं फुलांचा उपयोग फक्त दारूला. ज्याने चैत्रात पहाटे उठून मोहाची फुलं वेचली नाहीत तोच असं म्हणेल. फुलं वाळवून कणग्यात भरतात, पावसाळ्यात उकडून खातात, भाकरीत घालतात, गुरांना घालतात. टंचाईच्या महिन्यांत ते अन्न आहे. १९४९ च्या कायद्यातही मोहफुलं आली आणि त्यांच्या साठवणुकीवर, वाहतुकीवर परवान्याची भानगड राहिली. राज्य सरकारने २०२१ मध्ये बंधनं उठवायचा निर्णय घेतला तोवर पोतंभर फुलं घेऊन एसटीत बसणारी बाई धसक्यातच असायची.

तुम्ही लोक परमिट रूमला हसता. शहरातल्या माणसाला परमिटसाठी कोणी विचारत नाही आणि पाड्यावरच्या बाईला फुलांसाठी विचारतात. कायदा एकच होता.


बखरकार (धागाकर्ता)

रानवाटा, शेवटचं वाक्य लागलं. मोहा कायदा मला माहीतच नव्हता. ठाणे-कुलाब्याबद्दल आणखी लिहाल का? वेगळा धागा काढा, मी वाचायला आहे.


मडगांवकार

गोवा राहिला की. आमच्याकडे तर आख्खी संहिताच जुनी आहे.

पोर्तुगीज नागरी संहिता, १८६७. गोव्यात १८७० पासून. १९६१ साली पोर्तुगीज गेले, १९६२ च्या कायद्याने त्यांचे कायदे पुढे चालू राहिले. तिकडे पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता केली. म्हणजे लिस्बनमधल्या माणसाला जी लागू नाही ती म्हापशातल्या माणसाला बराच काळ लागू राहिली! वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात गेला आहे, पण गाभा तोच. लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची निम्मी निम्मी. निम्म्या इस्टेटीचं मृत्युपत्र करता येतं, उरलेली निम्मी मुलांच्या हक्काची, रागावून कोणाला बेदखल करता येत नाही. मुलगी आणि मुलगा सारखेच. १८६७ चा कायदा आहे हे लक्षात घ्या, आणि बाकीच्या देशात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क कधी मिळाला ते आठवा.

पण अजब म्हणाल तर १८८० चा हुकूम. गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीती जपायच्या म्हणून त्यात दुसऱ्या लग्नाला मोजक्या अटींवर मुभा ठेवली. बायको २५ वर्षांची होईतो मूलबाळ झालं नाही, किंवा ती ३० ची झाली तरी मुलगा झाला नाही, वगैरे. वर तिची संमती हवी. सगळ्यांना एकच कायदा म्हणून आमच्या संहितेचं देशभर कौतुक होतं, तेव्हा हा हुकूम कोणी काढत नाही. पोर्तुगीजांना भीती ही की धर्माला हात लावला तर हिंदू बिथरतील. एकीकडे सगळ्यांना एक कायदा, दुसरीकडे ही पळवाट.

मुंबई-पुण्याकडच्या मंडळींसाठी व्यवहाराची गोष्ट: गोंयकाराकडून घर-जमीन घेताना नवरा आणि बायको दोघांच्याही सह्या घ्या, सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर एकाचंच नाव असलं तरी. आणि आमची संहिता गोव्याच्या हद्दीत थांबत नाही. एका गोवेकराच्या मुंबईतल्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, २०१९ साली निकाल आला की गोव्याच्या रहिवाशाची भारतात कुठेही मालमत्ता असो, वारसा पोर्तुगीज संहितेनेच ठरणार.


उंटावरचा_शहाणा

म्हणजे गिरगावातल्या एकाच चाळीत एका खोलीला १९४० चं भाडं, शेजारच्या खोलीला १८६७ चा वारसा आणि तिसरीत तब्येतीसाठी परमिट. महापालिकेने हेरिटेजचा दर्जा द्यावा.


जर्सीवाला

न्यू जर्सीहून. धाग्याचा नियम पाळून दोनच सांगतो, दोन्ही रोज भोगतोय.

बर्गन काउंटीत रविवारी कपडे, फर्निचर, घरातली उपकरणं विकायला बंदी. पॅरामसचे एवढे मोठे मॉल रविवारी बंद. भारतातून आईबाबा आले की त्यांना पटतच नाही. मूळ ख्रिस्ती विश्रांतीवाराचं, पण आता तिथले रहिवासीच बदल होऊ देत नाहीत. एक दिवस तरी ट्रॅफिक नको म्हणून. बाकी देवाचा संबंध उरलेला नाही.

दुसरं, इथे स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे, १९४९ पासून. तुमच्या दारूबंदीचंच साल! एका पंपवाल्याने गिऱ्हाइकांना स्वतः भरायला देऊन भाव पाडले, बाकीचे पंपवाले एकत्र आले, आणि आगीच्या धोक्याचं कारण देऊन कायदा झाला. आज थंडीत गाडीतून उतरावं लागत नाही म्हणून लोकांनाच तो हवाय. बखरकारांची थिअरी इथेही चालते.


झोळीवाला

नियमात बसतंय का बघा. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा मुंबईचा कायदा, १९५९.

यात भीक मागणं म्हणजे नुसतं हात पसरणं नव्हे. गाणं, नाच, भविष्य सांगणं, कसरत, किंवा काही विकण्याच्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणं हेही आलं. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि इकडे तिकडे भटकतोय, तर तोही भिकारी. वॉरंटशिवाय पकडता येतं. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, वारंवार सापडला तर १० वर्षांपर्यंत.

आता ही व्याख्या घेऊन महाराष्ट्रातल्या एखाद्या गावात पहाटे उभे राहा. मोरपिसांच्या टोपीतला वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला, पिंगळा, सगळे एका कलमात. त्यांना दान 'पावलं' की पावती गाऊन देतात, ती भीक नव्हे. पण शहराच्या रस्त्यावर आले की पोलिसाच्या हातात कलम आहे. भटक्या समाजांतल्या कित्येकांच्या आज्याआज्यांनी, जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, सोलापूरच्या तारेच्या कुंपणात दिवस काढलेत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, विमुक्त झाले. सात वर्षांत हा आला.

तोच दिल्लीलाही लावला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली भीक गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे, म्हणजे जिथे तो जन्मला तिथे, चालू आहे. बखरकार, यात कोणाची सोय ते सांगा. माझं उत्तर असं की मोठे पाहुणे यायचे असतात तेव्हा रस्ते स्वच्छ दिसायला हवेत.


रात्रपाळी

पोलिसांच्या हातातल्या कलमांवरून. मुंबई पोलिस कायदा १९५१, कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या हेतूने तोंड झाकून फिरणं, घरफोडीची हत्यारं कारणाशिवाय जवळ असणं, दुसऱ्याच्या आवारात का आलो याचा खुलासा न देता येणं. दिवाबत्ती नसलेल्या काळातली भाषा आहे. सूर्य मावळला की माणूस संशयित. मी रात्री अडीचला कामावरून सुटतो, माझ्यासारख्यांनी शहर भरलंय, पण कायद्याचं घड्याळ अजून सूर्यावर चालतं.


तिसरीघंटा

नाटकवाल्यांच्या वतीने हजेरी. नाट्यप्रयोग कायदा, १८७६. प्रिन्स ऑफ वेल्सच्या कलकत्ता भेटीवर बंगाली रंगभूमीने प्रहसन केलं, सरकार चिडलं, कायदा आला. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे प्रेक्षकांनी न सांगता ओळखलं आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली.

केंद्राच्या जुने कायदे काढण्याच्या मोहिमेत १८७६ चा कायदा रद्द झाला. आपल्या राज्यात मात्र प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, पाठवावीच लागते, तीही पोलिस कायद्याखालच्या नियमांमुळे. म्हणजे इंग्रजांचा कायदा गेला आणि स्वदेशी सवय राहिली. यूट्यूबवर तेच नाटक टाकलं तर कोणी विचारत नाही.


वाडामालकीण

एक शंका, सनदशीर यांना. एखादा जुना कायदा अजून चालू आहे की गेला, हे सामान्य माणसाने कसं बघायचं? आमच्या वाड्याच्या कागदांत तीन वेगवेगळ्या कायद्यांची नावं आहेत आणि नेटवर त्यातली दोन सापडतच नाहीत.


सनदशीर

ताई, केंद्राचे आणि राज्यांचे चालू कायदे सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर असतात. महाराष्ट्राचे मराठीत हवे असतील तर राज्याच्या विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर बघा.

नावं सापडत नाहीत याची दोन कारणं असू शकतात. एक, कायदा रद्द झाला असेल. तरी घाबरू नका. रद्द होण्यापूर्वी मिळालेले हक्क सहसा आपोआप जात नाहीत. नव्या कायद्याच्या शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' असं कलम असतं, ते आधी वाचा. तुमच्या बाबतीत १९९९ च्या कायद्याचं ते कलम महत्त्वाचं आहे.

दुसरं कारण जास्त संभवतं. २०११ च्या एका दुरुस्तीने राज्याच्या कित्येक कायद्यांच्या नावातलं 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' घातलं, तेही १ मे १९६० पासून केलं असं समजून. त्यामुळे वर सगळ्यांनी लिहिलेला मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे, पोलिस कायद्याचंही तेच. जुन्या कागदावर 'मुंबई' असेल तर साल आणि क्रमांक तोच ठेवून 'महाराष्ट्र' टाकून शोधा, मिळेल. न मिळालं तर तिन्ही नावं आणि सालं इथे लिहा, बघून सांगतो.